पाठ

"हे आमचे नव्हेत," ओळख पटवायला आलेली बाई म्हणाली आणि म्हाताऱ्याच्या खांद्यावरून घसरलेली चादर वर ओढून तिने हनुवटीखाली नीट खोचली.

घुबडाच्या मनात तिथेच पाल चुकचुकली. परका माणूस मढ्याला हात लावत नाही. नाकाला रुमाल लावतो, लांबूनच मान हलवतो आणि दाराकडे सुटतो.

घुबड म्हणजे मॉर्गचा रखवालदार. पापणी न हलवता बघायच्या खोडीमुळे इस्पितळाने त्याचं हे बारसं केलं होतं. मोठ्या डॉक्टरीणबाई तर म्हणायच्या, "तुझी खोड या जागेच्या नावातच आहे रे. फ्रेंच लोकांत मॉर्ग म्हणजे रोखून बघणं. तुरुंगात नवा कैदी आला की पहारेकरी एका खोलीत त्याला निरखायचे, चेहरा पाठ व्हावा म्हणून. पुढे तसल्याच खोलीत बेवारस मढी ठेवायला लागले, लोकांनी बघून ओळखावीत म्हणून." घुबडाला हे मनापासून पटलं होतं. त्याच्या लेखी दारातून आलेला प्रत्येक जण अजून कैदीच होता. "मेल्यांकडे बघता तसं माझ्याकडे बघत जाऊ नका," असं घरी बायको करवादायची ते वेगळंच.

पण त्या बघण्यालाही कारण होतं. एकदा एक जावई सासऱ्याच्या छातीवर पडून ओक्साबोक्शी रडला आणि जाताना बोटातली अंगठी घेऊन गेला. चोर सोडून संन्याशाला फाशी, तसा आळ आला घुबडावर. नोकरी जाता जाता वाचली. तेव्हापासून मढ्यापाशी कुणी असताना पाठ फिरवायची नाही, हा त्याचा नेम.

या म्हाताऱ्याच्या बोटातही एक बारीक अंगठी होती, सुजेमुळे न निघालेली. आणि सकाळी पालिकेची गाडी त्याला बेवारस म्हणून नेणार होती. म्हणजे हिचा सुंठीवाचून खोकला जाणार, खर्च नको नि कटकट नको. घुबडाने मनाशी हिशेब जुळवला.

"ताई, खोटं बोलताय. तुम्ही ओळखता यांना."

"ओळखते," ती कोरड्या आवाजात म्हणाली. "वडील आहेत. मी लहान असताना घर सोडून गेले. गेल्या आठवड्यात बाजारात अचानक समोर आले. मी 'बाबा' म्हणून हाक मारली, तर म्हणाले, 'कोण तुम्ही?' आणि गेले की रस्ता ओलांडून! मी आपली वेड्यासारखी उभी. त्यांनी मला ओळख दाखवली नाही, मग त्यांची ओळख मी का सांगू?"

घुबडाने तिचा चेहरा निरखला. खोटं कुठे सापडेना. उलट कपाळ तेच होतं, कानाची पाळी तीच. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"मग ढकलू कप्पा आत?"

"थांबा." तिचा हात कप्प्याच्या कडेवर होता. "तुम्ही असं टक लावून बघू नका हो. तुमच्यासमोर नाही जमणार मला."

घुबडाने एकदा अंगठीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग सावकाश वळला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. भिंतीचा रंग एवढा उडालाय, हे त्याला आजच दिसलं.

 मागे चादर सळसळली.

"बाबा," ती म्हणाली. झोपलेल्या माणसाला उठवावं, तसं.

घुबडाने डोळेसुद्धा मिटून घेतले.

"गाडीवाल्यांना नको म्हणून सांगा," बऱ्याच वेळाने ती म्हणाली. "यांची मुलगी आली आहे."

"सांगतो," घुबड भिंतीलाच म्हणाला.