पोपटीतला वाळा

मी चांदीचा वाळा बोलतोय. श्रियाच्या डाव्या पायातला. उजव्या पायातला माझा जोडीदार बोलत नाही, नुसता वाजतो. तो मनातल्या मनात मला हसतो, असा मला पहिल्यापासून संशय आहे.

संशय हा माझा स्वभावच म्हणा. माझी चांदी मूळची एका अत्तरदाणीची, द्वारकाबाईंच्या लग्नातली. नात झाली तेव्हा बाईंनी ती अत्तरदाणी कर्जतच्या बाजारात सोनारापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "मोडा, पण माझ्या डोळ्यांसमोर." मीही मुशीत वितळता वितळता सोनाराच्या बोटांवर नजर ठेवून होतो. हा गृहस्थ माझा एखादा कण नक्की मागे ठेवणार! त्याने काही ठेवलं नाही. उलट दोन घुंगरं जास्तीची लावून दिली. मी मात्र माझी चूक कबूल केली नाही.

द्वारकाबाई निवृत्त शिक्षिका. अर्धं भिसेगाव त्यांच्या हाताखालून गेलेलं. मुलगा मिहीर आणि सून निशिगंधा सकाळीच कामावर जायचे, म्हणून श्रियाला सांभाळायला सोनुबाई यायची. तिचं गाव खालापूरच्या वाटेवर. घरची भातशेती. मुलगा कमलेश टेंपो चालवायचा, तोच तिला दारात सोडायचा. हा कमलेशही बाईंचाच विद्यार्थी.

सोनुबाईने श्रियाला एक खेळ शिकवला होता. पोरीपुढे रिकामा डबा ठेवायचा, त्यात शेंगा, चमचा, बटण, जे हाती येईल ते टाकायचं आणि म्हणायचं, "बुडुक!" त्या एका शब्दावर दोघी तास तास खिदळायच्या. मला तो खेळ मुळीच आवडत नसे. सोनुबाई रोज माझ्याखालचा मळ पुसायची, पाय चोळायची, तेव्हा मला वाटायचं, एवढी का चोळते? वजन तर बघत नसेल?

श्रियाचा पहिला गणपती, पहिली दिवाळी, सगळं मी पायाशी राहून पाहिलं. गणपतीत आरतीला आलेल्यांची पावलं मी मोजून घेत होतो. दिवाळीत ती थेट अंगणातल्या किल्ल्यावर जाऊन बसली आणि बुरुजासकट मी चिखलात गेलो. संक्रांतीनंतर तिचं बोरन्हाण झालं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं आणि चुरमुरे ओतले आणि गल्लीतली पोरं तुटून पडली. त्यातल्या साईराजने नेमका मलाच हात घातला. झालं, म्हटलं, सापडला चोर! त्याने माझ्याखाली अडकलेलं बोर काढलं, तोंडात टाकलं आणि पळाला.

आणि मग तो पोपटीचा रविवार आला. पोपटी म्हणजे मडक्यात पाल्यामध्ये शेंगा भरून शेतातच जाळावर भाजायच्या.

"बाई, आमच्या शेतावर पोपटी हाय," सोनुबाई आठवडाभर आधीपासून सांगत होती. "तुमी सगळी या. पोरीला तिच्या हातानं शेंगा खाऊ दे की जरा."

थंडी सरत आली होती. वालाच्या शेंगा भरल्या होत्या. मिहीरने सकाळी मोजे घालायला म्हणून मला थोडं फाकवलं आणि तसंच सोडलं. शेतावर पोचल्या पोचल्या श्रिया पाटाच्या चिखलात उतरली. सोनुबाईने तिचे पाय धुतले आणि ओले मोजे काढून आपल्या कनवटीला खोचले. बाईंनी ते लांबून पाहिलं. लांबून पाहिलं, हे लक्षात ठेवा.

मडक्यात भांबुर्ड्याचा पाला अंथरून झाला. सोनुबाईने श्रियाला मडक्यापाशी बसवलं. "आमच्यात पयली मूठ पोराच्या हातची असते. टाक गं माये."

श्रियाने मूठभर शेंगा टाकल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग शेंगा, बटाटे, अंडी, मीठ, ओवा असं एकेक आत गेलं आणि सोनुबाई वरच्या थरासाठी आणखी पाला आणायला उठली. तेवढ्यात श्रियाने पाय जवळ ओढला. मी सैल होतोच. तिने मला काढलं, मडक्यावर धरलं आणि म्हणाली, "बुडुक!"

सोनुबाईने येऊन तोंडाशी पाला दाबून भरला, मडकं उपडं ठेवलं, भोवती पेंढा आणि लाकडं रचून जाळ केला. मी आत अंड्यांच्या शेजारी पडलो होतो.

थोड्या वेळाने निशिगंधाचा आवाज आला. बाहेरचं काही मी ऐकलं, बाकीचं नंतर घरातल्या बोलण्यातून कळलं. "अहो, हिच्या डाव्या पायातला वाळा कुठाय?"

शोधाशोध सुरू झाली. मिहीरने गाडी पालथी घातली. कमलेशने पाटातला चिखल चाळला, त्याच्या बायकोने, हर्षलाने, पेंढ्याचे भारे हलवले. श्रिया जाळाकडे बोट दाखवून एकसारखी "बुडुक, बुडुक" करत होती. "जाळाजवळ जाऊ देऊ नका गं तिला!" असं म्हणून बाईंनी तिला लांब नेऊन बसवलं.

मग बाई म्हणाल्या, "माझा कोणावर संशय नाही हं. पण सगळ्यांनीच आपापले खिसे बघून घ्या."

वर्गात एखाद्याची पेन्सिल हरवली की त्या असंच करत असणार. मिहीरने खिशावर नुसता हात थापला. निशिगंधाने पर्स उघडली आणि मिटली. कोणी तिकडे बघितलंसुद्धा नाही. सोनुबाईची पाळी आली तेव्हा मात्र सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या.

"सोनुबाई, मघाशी तू कनवटीला काहीतरी खोचलंस ना?"

मी आत शिजत होतो, आणि लाज वाटते सांगायला, मी बाहेर असतो तर मीही पहिलं तिच्याच कनवटीकडे बघितलं असतं. पण आता खरं काय ते श्रिया सोडली तर मला एकट्याला ठाऊक होतं. मी घुंगरं वाजवायला बघितली. ती मिठात आणि पाल्यात रुतली होती.

सोनुबाईने पदर सोडला आणि आपल्याच शेतात, आपल्या लेकासुनेपुढे, तो झटकून दाखवला. मग कनवट सोडली. मिसरीची डबी पडली. दोन शेंगा पडल्या. आणि श्रियाचे ओले मोजे पडले.

"मोजे वलं होतं, बाई. पोरीला सर्दी झाली असती."

"आये, चल तू घरी," कमलेश म्हणाला. "ह्यांचं काय हाय ते घेऊन जाऊ दे ह्यांना."

"गप रं. पावनी उपाशी जायाची नायत माज्या शेतावरनं."

तिने मडक्यावर पाणी शिंपडलं. चर्र झालं. पोपटी झाली होती. कमलेशने मडकं काढून केळीच्या पानांवर उलटं केलं. वाफ आली, शेंगा सांडल्या, बटाटे आले, आणि अंड्यांच्या मागोमाग गडगडत मी बाहेर आलो. काळाठिक्कर. अंड्याच्या वाफेने चांदीचं असंच होतं.

"बुडुक!" श्रिया टाळ्या वाजवत ओरडली.

ती एकटीच हसत होती. सोनुबाईने मला राखेने घासलं, पाण्यात धुतलं आणि बाईंच्या हातात न देता पानावर ठेवलं. मग सगळ्यांना वाढलं. सगळे खाली मान घालून जेवले.

दुसऱ्या दिवशी टेंपो आला नाही. त्यानंतरही आला नाही. श्रिया दारात डबा घेऊन बसायची, चमचा टाकायची आणि कोणी हसतंय का ते बघायची. शिमग्याच्या आदल्या दिवशी बाई रिक्षा करून एकट्याच सोनुबाईच्या दारी गेल्या. मी त्यांच्या पिशवीत होतो.

"सोनुबाई, चुकले मी. आयुष्यभर पोरांना शिकवलं आणि मला एवढं कळलं नाही. परत ये. हा वाळा तुझ्या हाताने घाल तिला."

सोनुबाईने दोन्ही हात पाठीमागे घेतले. "पोरीसाठी येते, बाई. पन तिच्या अंगावं काय घालायचं नाय. चांदी नाय, सोनं नाय. मी आसंन तोवर नाय."

तेव्हापासून मी देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात, एका वाटीत असतो. जोडीदारही शेजारी आहे. निशिगंधाने मला घासघासून पांढरं केलं, पण घुंगरांच्या खाचा काळ्याच राहिल्या. पाडव्याला श्रिया गुढीपाशी अनवाणी नाचली. सोनुबाई तिला उल्हास नदीवर पाणी दाखवायला घेऊन गेली, तेव्हाही आम्ही वाटीतच होतो. आम्हाला चोरायला कोणी येत नाही. खरं तर कधीच कोणी आलं नव्हतं.

तुम्ही सणाला लेकरांना नटवता, फिरायला नेता, तेव्हा माझ्यासारख्यांना घरीच ठेवा. आणि नेलंतच, तर हरवू द्या. आम्ही पुन्हा घडवून मिळतो.

वाटीतून मला दार दिसतं. संध्याकाळी घरी जाताना सोनुबाई उंबऱ्यावर थांबते आणि पदर झटकून दाखवते. तिला कोणीही सांगितलेलं नाही. बाई रोज म्हणतात, "अगं, नको गं," आणि रोज तोंड फिरवतात. श्रियाला वाटतं, हा नवा खेळ आहे. तीही सोनुबाईशेजारी उभी राहते, आपला इवलासा फ्रॉक झटकते आणि कोणी हसतंय का ते बघते.