पुठ्ठ्याची सुमनमावशी

मी एक पुठ्ठ्याची बाई बोलतेय. उंची साडेपाच फूट, जाडी बोटाच्या पेराएवढीही नाही. हिरवी नऊवारी, कपाळावर चंद्रकोर, नाकात नथ, हातात चकल्यांचं ताट आणि चेहऱ्यावर असं हसू की समोरच्यानं आपलं घर माझ्या नावावर करून द्यावं. माझ्या पोटावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ‘सुमनमावशीची अस्सल घरगुती चकली’. त्यातली चकली तेवढी खरी. सुमन कोणी नाही, मावशी कोणाची नाही, आणि घर म्हणाल तर दुबईत ते व्हिसा असेपर्यंतच.

माझा जन्म अल कुसैसमधल्या एका फ्लॅटच्या सोफ्यावर, लॅपटॉपमध्ये झाला. जन्म दिला मैथिलीनं. ही पोरगी दुबईतच वाढलेली, पुढे ग्लासगोला जाऊन ब्रँडिंग शिकलेली, आणि जग बदलायचं ठरवून नुकतीच घरी परतलेली. तिच्या प्रबंधाचा विषय होता, यंत्रांच्या काळात माणसासारखा वागणारा ब्रँड कसा उभा करावा. आता असा ब्रँड उभा करायचा म्हणून तिनं सगळ्यात आधी काय केलं? यंत्राला सांगितलं, एक माणूस काढून दे.

एक प्रेमळ, विश्वासू, महाराष्ट्रीय मावशी, अशी मागणी होती. पहिली आली ती घागरा घालून आली. दुसरीच्या हातात वीणा होती. तिसरी मी. मैथिलीनं लिहिलं, ‘अजून अस्सल’. यंत्रानं मला सुरकुत्या दिल्या. तिनं परत लिहिलं, ‘अजून अस्सल’. आणखी सुरकुत्या. अस्सलपणा म्हणजे कातडीचा काहीतरी आजार असावा, असा यंत्राचा समज झाला होता. मी शंभरीकडे झुकायला लागले तेव्हा ती घाबरून मागे फिरली.

मग तिनं आईला बोलावलं. सुजाताबाई शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. चूक आधी दिसते, चित्र नंतर. नथ उजव्या नाकपुडीत कोण घालतं, त्यांनी विचारलं. मैथिलीनं एक बटण दाबून मला आरशातल्यासारखी उलटी केली. नथ डावीकडे आली आणि पदर उजव्या खांद्यावर गेला. सुजाताबाई पदरावर बोट ठेवून म्हणाल्या, राहू दे, इथे कोण बघतंय. माझ्या आयुष्याचा पाया असा भक्कम घातला गेला.

छापखान्यात हमदुल्ला नावाच्या माणसानं मला पुठ्ठ्यावर चिकटवलं, कडेनं कापलं आणि उभं करून नीट पाहिलं.

“ये आपकी अम्मी हैं?”

“नहीं, ब्रँड है,” मैथिली म्हणाली.

“अच्छा. ब्रँड की अम्मी.” आणि त्यानं आदरानं माझ्या पायांना आधाराची पट्टी लावली.

आता चकली कोण करतं ते सांगते. चकली करतात मैथिलीचे बाबा, राजाभाऊ. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका केबलच्या कारखान्यात त्यांनी सेफ्टी ऑफिसर म्हणून जन्म घालवला. डोक्यावर केस नाहीत, आवाज भोंग्यासारखा. घरी तळून विकायची परवानगी नसते, म्हणून दुबईबाहेर, उम्म अल कुवैनच्या औद्योगिक भागात एक स्वयंपाकघर भाड्यानं घेतलेलं. तिथे ते पोलादी टोकाचे बूट घालून चकल्या पाडतात आणि तेलाचं तापमान बंदुकीसारख्या थर्मामीटरनं मोजतात. कढईच्या चहूबाजूंनी जमिनीवर पिवळी पट्टी आखलेली. पट्टीच्या आत सुजाताबाईंनाही प्रवेश नाही, आणि त्यांना तो नकोच आहे.

हा नुसता छंद नव्हता. राजाभाऊ साठीचे झाले होते, नोकरी संपली होती, आणि नोकरी संपली की इथला व्हिसाही संपतो. एकच दार उघडं होतं. चकलीच्या धंद्याचं लायसन्स त्यांच्या नावावर होतं. ते पुढे चालू ठेवता आलं तर त्यावर राहता येणार होतं. पण त्याची फी निघायला एका सुपरमार्केटची मोठी ऑर्डर हवी होती, दिवाळीच्या आत. मिळाली तर अल कुसैस. नाही तर खलास, आयुष्यभराचं सामान बांधायचं आणि डोंबिवली. तिथला फ्लॅट त्यांनी घेतला होता सुट्टीत राहायला, परत जायला नाही.

म्हणून तर मैथिली इतकी पेटली होती. आणि म्हणून राजाभाऊंनीही माझं स्वागत केलं. टकल्या माणसाच्या हातची चकली कोण घेणार, ते म्हणाले, बाईच बरी. मला दिवाणखान्यात उभं केल्यावर पहिल्याच दिवशी ते मला चुकून “जरा सरका हो” म्हणाले.

राजाभाऊंची एक सवय मात्र मैथिलीला खटकायची. कारखान्यात ते रोज सकाळी कामगारांना गोळा करून काल काय चुकलं ते सांगायचे. चकलीतही तेच. डबे निघण्याआधी गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर त्यांचा आवाज जायचा: “नमस्कार, राजाभाऊ बोलतोय. आजचा दुसरा घाणा तेलकट झाला, तो मी घरी ठेवलाय. तिसऱ्यात तिखट पुढे गेलंय. घरात लहान मुलं असतील तर सांगा, बदलून देतो. भाजणीबद्दल तक्रार नको, ती उत्तम आहे.”

“बाबा, कुठला ब्रँड स्वतःच्या चुका स्वतः सांगतो?” मैथिली म्हणायची. “आणि धिस इज नॉट स्केलेबल.”

स्केलेबल म्हणजे काय ते राजाभाऊंनी विचारलं. हजार लोक झाले तर हजार जणांशी बोलणार का, असं तिनं समजावलं. हजार झाले तर चुका कमी होतील का, असं त्यांनी विचारलं. वाद तिनं जिंकला. चांगल्या शिकलेल्या मुलांशी वाद घालताना आईबाप बऱ्याचदा हरतात, कारण त्यांना आतून हरायचंच असतं. एवढी फी भरलेली असते.

ग्रुपवरचा राजाभाऊंचा आवाज बंद झाला आणि माझा सुरू झाला. यंत्रानं मला मधाळ आवाज दिला, माझ्या नावानं निरोपांना उत्तरं द्यायला सुरुवात केली. कोणी पत्ता पाठवला की मी म्हणायचे, “वा, माझ्या सोन्या!” कोणी डबा उशिरा आला म्हणून चिडलं की मी म्हणायचे, “मावशीची माया उशिराच मुरते गं.” हे बोलणं माझं नव्हे, पण तोंड माझं होतं.

सुपरमार्केटच्या खरेदी विभागातल्या नबिलाबाईंना मैथिलीनं माझी गोष्ट पाठवली. गोष्टही यंत्रानंच लिहिलेली. त्यात मी साताऱ्यात जन्मले होते, लहानपणी सोसलं होतं आणि चुलीपाशी बसून स्वप्नं पाहिली होती. वाचून मलाच माझी दया आली. नबिलाबाईंचं उत्तर आलं: छान, गुरुवारी चव घेऊ, येताना सुमनला घेऊन या.

मैथिलीनं ते बाबांना वाचून दाखवलं. मग दोघांनी एकदम सुजाताबाईंकडे पाहिलं.

“मी पंचवीस वर्षं पोरांना कॉपी करताना पकडलंय,” त्या म्हणाल्या. “आता या वयात मी पुठ्ठ्याची कॉपी करू?”

शिवाय त्यांना चकली पाडता येत नाही, ती त्यांनी फक्त खाल्ली आहे, हेही त्यांनी सांगितलं. पण रात्री जेवताना म्हणाल्या, नऊवारी कुठून आणायची. नवऱ्याच्या व्हिसापुढे तत्त्वाचं काय चालतं? महाराष्ट्र मंडळाच्या लेझीम पथकाकडून हिरवी नऊवारी आली. सुजाताबाई माझ्यासमोर उभ्या राहून माझ्यासारखं हसायचा सराव करू लागल्या. “हिचे गाल दुखत नसतील का?” त्यांनी एकदा विचारलं. नाही दुखत हो. पण विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच.

बुधवारी दुपारी सुजाताबाईंच्या फोनवर एक निरोप आला. पाठवणाऱ्या होत्या मृणालिनीताई, दोन बिल्डिंग पलीकडे राहणाऱ्या, राजाभाऊंचं अगदी पहिलं गिऱ्हाईक. त्यांनी माझ्याशी झालेलं बोलणंच पुढे पाठवलं होतं. त्यांनी लिहिलं होतं, सासूबाई गेल्या, यंदा आमच्याकडे दिवाळी नाही, ऑर्डर रद्द करा. त्यावर मी, म्हणजे माझ्या तोंडानं यंत्र, म्हणाले होते: “दिवाळी नाही असं कसं, माझ्या सोन्या? मावशीकडे खास ऑफर आहे. दुप्पट फराळ, दुप्पट आनंद!” खाली फटाक्यांची चित्रं.

आणि त्याखाली मृणालिनीताईंची एकच ओळ. सुजाता, ही सुमन कोण आहे?

मैथिलीनं ते मोठ्यानं वाचलं. ती काही बोलायच्या आधी राजाभाऊंनी बूट चढवले होते. घरात माणूस गेलेलं असलं की त्या वर्षी तिथे फराळ करत नाहीत, तो शेजारीपाजाऱ्यांनी, नातेवाइकांनी नेऊन द्यायचा असतो. इथे नातेवाईक विमानानं येतात. शेजारी पायी येऊ शकतात. त्यांनी मोठा डबा भरला आणि लेकीला म्हणाले, चल.

तिथे काय झालं ते मला मैथिलीनं आईला सांगितलं तेव्हा कळलं. मृणालिनीताई रागावल्या नाहीत. डबा मांडीवर घेऊन बसल्या. माझ्या आईनंही मला कधी सोन्या म्हटलं नाही, असं म्हणून हसल्यासुद्धा. मग राजाभाऊंना त्या म्हणाल्या, “तुमचा आवाज बंद झाला ना ग्रुपवर, तेव्हा मला वाटलं तुम्ही गेलात इंडियाला. मनात म्हटलं, न सांगताच गेले.”

हे वाक्य सांगता सांगताच मैथिलीला उमगलं. बाबांना इथे ठेवण्यासाठी तिनं जो खटाटोप केला, त्यात तिनं बाबांनाच आधी काढून टाकलं होतं. त्यांचा व्हिसा संपायच्या आधीच ती त्यांना डोंबिवलीला पोचवून मोकळी झाली होती, आणि त्यांच्या जागी मला उभं केलं होतं. मला, जिला पदर कुठल्या खांद्यावर असतो तेही माहीत नाही.

गुरुवारी सकाळी सुजाताबाई नऊवारी नेसून, गजरा माळून तयार बसल्या होत्या. मैथिली खोलीतून बाहेर आली.

“आई, साडी बदल.”

“अगं, पण ऑर्डर?”

“बाबा बोलतील. गेली ऑर्डर तर मीही येईन डोंबिवलीला.”

सुजाताबाईंनी पिन काढायला इतकी घाई केली की गजरा माझ्या पायाशी पडला.

मलाही गाडीत घातलं, पाय मागे, डोकं दोन सीटांच्या मधे. नबिलाबाईंच्या ऑफिसात मला उभं केलं, आणि मी समोर पाहिलं तर कोपऱ्यात माझ्या बहिणी. लोणच्याची केरळी अम्मा, लस्सीची पंजाबी बेबे, खजुराच्या बिस्किटांची इजिप्ती आजी. कपडे वेगवेगळे, नाक, गाल, हसू तेच. एकाच यंत्राच्या पोटच्या आम्ही. एकीच्या कानात माझीच कुडी होती.

नबिलाबाईंनी विचारलं, सुमन कुठे आहे?

मैथिली पुढे झाली. “सुमन नाहीये. मी बनवली. गोष्टसुद्धा खोटी आहे. चकली हे करतात.”

नबिलाबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग कोपऱ्याकडे हात करून म्हणाल्या, त्या सगळ्यांच्या मालकांनाही मी हेच विचारलं, सगळ्यांनी आजीला बरं नाही म्हणून सांगितलं. खोटं आहे असं म्हणणारी तू पहिलीच. त्यावरून ऑर्डर देईन असं समजू नकोस, मला गोष्टीत फसवलंस तर मालात कशावरून नाही. आणि त्या राजाभाऊंकडे वळल्या. “यल्ला, चला. तुम्ही सांगा.”

राजाभाऊंनी डबे उघडले. त्यांच्याकडे भाषण नव्हतं. कारखान्यात तीस वर्षं जे केलं तेच त्यांनी केलं, भोंग्याच्या आवाजात, तोडक्यामोडक्या हिंदी-इंग्रजीत. या डब्यातला घाणा काल रात्रीचा, तेव्हा माझं लक्ष ठिकाणावर नव्हतं, एका घरी जाऊन आलो होतो, म्हणून रंग काळपट. हा आजचा, बरा आहे. यात तीळ आहेत, ज्यांना तीळ चालत नाहीत त्यांनी हात लावू नये, हे मला लेबलवर लाल अक्षरांत हवं होतं पण मुलगी म्हणाली छान दिसणार नाही.

नबिलाबाईंनी काळपट डब्यातली उचलली. खाल्ली. मग चांगल्या डब्यातली खाल्ली. मग पुन्हा काळपटातली.

“ही जास्त आवडली,” त्या म्हणाल्या.

“ती चुकलेली आहे,” राजाभाऊ म्हणाले, आणि वाद घालायला बसले. पाच मिनिटं खुर्चीत पुढे सरकून ते आपला माल वाईट कसा हे पटवत होते आणि समोरची बाई तो चांगला कसा हे पटवत होती. मैथिली बघत राहिली. ग्लासगोत हे शिकवलं नव्हतं.

ऑर्डर मोठी नाही मिळाली. अल कुसैसची एकच शाखा, सगळ्यात खालचा कप्पा, दिवाळीपर्यंत. अटी दोन: तीळ लाल अक्षरांत, आणि दर खेपेला काय बिघडलं ते राजाभाऊंनी स्वतः फोन करून सांगायचं. एवढ्यावर लायसन्स जेमतेम तरलं. व्हिसा झाला.

नवीन लेबलवर राजाभाऊंचा ओळखपत्रावरचा फोटो आहे. टक्कल चकाकतंय, हसू औषधालाही नाही. सुजाताबाई म्हणाल्या, हा माणूस चकली विकतोय की हरवलाय? मैथिलीनं तोच ठेवला. यंत्र तिनं टाकून दिलं नाही. ते आता पत्ते लावतं, डब्यांचा हिशेब ठेवतं, आणि कोणाला सोन्या म्हणत नाही. तेवढं त्याला जमतं, आणि छान जमतं.

आणि मी? मला घडी घालून उम्म अल कुवैनला आणलं. पिवळ्या पट्टीच्या आत, कढईच्या पुढ्यात मी जमिनीवर पसरलेली असते. तेल उडतं ते माझ्यावर. चंद्रकोर विरली, नथ गेली, पदर कुठल्या खांद्यावर होता हे आता भांडूनही ठरणार नाही. राजाभाऊ अजूनही माझ्या तोंडावर पाय देत नाहीत, कडेनं जातात.

माझ्या बहिणी तुम्हाला दुकानादुकानांत भेटतील. त्यांच्यावर रागावू नका, त्या सांगितलं तसं हसतात. फक्त त्यांच्या मालकांना विचारा, अहो, हे केलंय कोणी? एखादा माणूस पुढे आला, थोडा ओशाळला, आज जरा खारट झालंय म्हणाला, तर बिनधास्त घ्या.

येते आता. कढई तापलीये. जन्मभर जिच्या नावावर हसले, त्या चकलीचा वास आत्ता कुठे माझ्या अंगाला लागतोय.