कुरुंदवाडची कॅसेट

मित्रांनो, तुमच्या घरातल्या एखाद्या कपाटात माझा भाऊबंद नक्की असेल. मी एक जुना व्हिडिओ कॅमेरा आहे. टेपवर चालणारा. पोटात कॅसेट घातली की समोरचं चित्र आणि आवाज मी तिच्यावर उतरवत असे. आता माझ्या आतलं चाक फिरत नाही. दुरुस्तीही होणार नाही. तरी मला कुणी भंगारात घातलेलं नाही. ते का, हे सांगण्यासाठी मी बोलतो आहे.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. हात बदलत बदलत मी पेठ वडगावच्या एका दुकानात आलो. तिथून १९९४ साली बाबासो कांबळे यांनी मला कोल्हापूरला आणलं. सदर बाजारात त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. तोवर ते नुसते फोटो काढत. मी आल्यापासून लग्नाचं शूटिंग घेऊ लागले.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. घरात झालेलं बोलणं माझ्या ध्यानात राहतं. पण कोणत्या कॅसेटवर काय उतरलं, हे विचाराल तर मला सांगता येणार नाही. कॅसेट बाहेर काढली की मी कोरा.

माझ्याबरोबर दिवा धरायला एक माणूस लागे. मोठा, झगझगीत आणि हाताला चटका देणारा दिवा. तो बाबासोंच्या पत्नी तानाबाई धरत. बाई माणूस असल्यामुळे नवरीच्या खोलीत शिरायला अडचण नसे. तानाबाईंचा आवाज मोठा होता. मंडपात कुणी मधे आलं की त्या दिव्यामागून ओरडत, “ओ पावणं, डोकं बाजूला घ्या की! नवरी बघाय आलासा का टक्कल दावाय?”

लोक हसत आणि बाजूला होत. ज्याचं टक्कल असे तोही हसे.

आता तुम्ही म्हणाल, इतका मोठा आवाज तर माझ्या प्रत्येक कॅसेटवर असणार. तसं झालं नाही. त्याचं कारण एक साडी.

वडगावच्या एका लग्नात नवऱ्या मुलाची आत्या माझ्याजवळ उभी होती. मुलीकडच्यांनी दिलेली साडी बघून ती शेजारणीला म्हणाली, “ही साडी बोहारणीनं सुदीक घेतली नसती.” मी ते इमानानं उतरवलं. पुढे दोन्हीकडचे पाहुणे टीव्हीपुढे एकत्र बसून कॅसेट बघत होते, आणि सनई थांबल्या थांबल्या आत्याबाईंचं वाक्य सगळ्यांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी नवऱ्या मुलाचे वडील आमच्या दारात.

“बाबासो, तुम्हाला शूटिंग कराय बोलावलंतं का भांडान लावाय?”

त्या दिवशी बाबासोंनी मोडक्या इअरफोनची पिन कापली आणि बाहेरचा माइक जोडायचं माझं जे भोक, त्यात बसवली. भोकात पिन गेली की माझा आतला माइक बंद पडतो. चित्र उतरतं, आवाज उतरत नाही. तसाही लग्नाच्या कॅसेटवर खरा आवाज कुणाला नको असे. खिजरच्या मिक्सिंगच्या दुकानात वरून गाणी चढवत. लोक तोंडं हलवत आणि गाणं वाजत राही. कुणाची तक्रार आली नाही. ती पिन मग माझ्या अंगाचाच भाग झाली.

कामाची ती वर्षं चांगली होती. शाहूवाडीच्या डोंगरातल्या वाड्यांपासून कुरुंदवाडपर्यंत मी फिरलो. मला बघून माणसं केस सारखे करत, लहान मुलं माझ्या काचेत तोंड घालत. तानाबाई रोज कोरड्या फडक्यानं मला पुसत आणि पावसाळ्यात तांदळाच्या डब्याशेजारी कोरड्या फळीवर ठेवत.

२००३ साली तानाबाई आजारी पडल्या आणि त्यातून उठल्या नाहीत.

त्यानंतर बाबासोंनी एकही लग्न घेतलं नाही. मला आणि घरात राहिलेल्या एका कॅसेटला त्यांनी कपाटात ठेवलं. माझ्यावर त्यांचा राग नव्हता. मला हातात घेतलं की त्यांची मान आपोआप दिव्याच्या बाजूला वळायची, आणि तिथे कुणी नसायचं. कपाटामागच्या भिंतीला ओल होती. कोल्हापूरचा पावसाळा तुम्हाला ठाऊक आहे. तीन पावसाळे मी तिथे काढले. माझ्या आतलं रबराचं चाक कडक झालं आणि कॅसेटवर पांढरी बुरशी धरली.

मग २००६ साली, दिवाळीनंतर, त्यांची मुलगी श्रुती पुण्याहून आली. चहा पिताना बाबासो तिला म्हणाले, “श्रुती, तुझी आई काय काय बोलायची ते सगळं ध्यानात हाय बघ. पण आवाज आठवंना झालाय.”

“म्हंजे?”

“तिचं बोलणं आठवाय गेलं की माझ्याच आवाजात येतंय.”

कप खाली ठेवून श्रुती उठली आणि तिने कपाट उघडलं. तिने जी कॅसेट काढली ती कुरुंदवाडची होती. तानाबाईंचं माहेर तिथलं. त्यांचे भाऊ आकाराम यांनी नवं घर बांधलं तेव्हाच्या घरभरणीचं ते शूटिंग होतं. बाकीच्या कॅसेटी ज्याच्या त्याच्या घरी गेल्या होत्या. तानाबाई दिव्यामागे नव्हे तर चित्रात असलेली ही एकच. ती कुणी लावून पाहिलीच नव्हती. आधी सवड नव्हती म्हणून, आणि नंतर धीर नव्हता म्हणून.

दोघं मला आणि कॅसेट घेऊन खिजरकडे गेले. त्याच्या दुकानात आता कॉम्प्युटर होता. जुन्या कॅसेटी त्यात उतरवून तो सीडी करून देई. त्याने कॅसेट उजेडात धरली, मग माझं झाकण उघडून आत बोट लावलं आणि बाबासोंना म्हणाला,

“मामा, कॅसेटीला बुरशी आलीया आणि ह्याचं रबर दगड झालंय. एकदा चालंल. दुसऱ्यांदा चालंल म्हणून मी शब्द देणार न्हाय.”

“दुसऱ्या कॅमेऱ्यात लावा की,” श्रुती म्हणाली.

“माझे गेले भंगारात. आणि बुरशीची कॅसेट आपल्या कॅमेऱ्यात कोण घालू देतंय ताई? त्याचंबी हेड जायाचं.”

त्याने स्पिरिट लावून माझं हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, पुसलं. पुसता पुसता त्याचं बोट माझ्या कडेला थांबलं.

“मामा, ही पिन अजून हाय?”

बाबासोंनी पिनेकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. श्रुतीला यातलं काही माहीत नव्हतं. खिजरने तिला पिनेचं काम सांगितलं.

“मग त्या दिवशी काढलीसा का न्हाय, आप्पा?”

“घरचं असलं की काढायचो, मग परत घालायचो.” त्यांनी पिनेला बोट लावून पाहिलं. “म्हंजे, बहुतेक काढायचो.”

तिघांनी माझ्याकडे पाहिलं. मला काय ठाऊक?

मित्रांनो, टेपवरचं कॉम्प्युटरमध्ये घालणं म्हणजे फाइल कॉपी करणं नव्हे. टेप पहिल्यापासून चालवावी लागते, आणि जेवढा वेळ शूटिंग झालं तेवढाच वेळ बसावं लागतं. घाई चालत नाही. माझ्यापासून कॉम्प्युटरपर्यंत दोन वायरी गेल्या. पिवळी चित्राची, पांढरी आवाजाची. पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवी पट्टी होती. आवाज आला की ती उडणार होती. खिजरने कॉम्प्युटरवर बटण दाबलं आणि मग मला चालू केलं.

टेप माझ्या आत खरखरत सरकू लागली. बुरशीचे कण हेडला लागत होते. आधी नुसत्या पांढऱ्या रेघा आल्या. मग रेघांमधून कुरुंदवाडचं घर आलं. दाराला तोरण, बाहेर चपलांचा ढीग, आकाराम नव्या टोपीत. आणि मग तानाबाई आल्या. हिरवी साडी, हातात भाताचं पातेलं. त्या कुणावर तरी ओरडत होत्या. गळ्याच्या शिरा दिसत होत्या.

हिरवी पट्टी हलली नाही.

खिजरने पांढरी वायर काढून परत खुपसली. आवाज वाढवला. तानाबाई आता हसत होत्या, पंगतीत वाढत होत्या, कुणाच्या तरी पाठीत धपाटा घालत होत्या. पट्टी मेल्यासारखी पडली होती.

“मामा,” खिजर हळू म्हणाला, “पिन हुती.”

“चालू राहू दे,” श्रुती म्हणाली. “चित्र तरी येऊ दे की.”

“चित्र तर घरी भिंतीवरल्या फोटूत बी हाय,” बाबासो म्हणाले. पण उठले नाहीत.

पंगती संपल्या. भांडी घासायला गेली. माझं चाक मधूनच टेपवरून घसरत होतं, आणि घसरलं की पडद्यावरची माणसं वाकडी होत. मी होता होईल तेवढं सरळ चालत होतो. मग पडद्यावर एकदम जमीन दिसली. मग छत. मग ओसरीतल्या घोंगड्यावर तोंड उघडं टाकून झोपलेला एक माणूस.

“आप्पा, हे तर तुम्ही! मग हे कुणी काढलं?”

झोपलेल्या माणसाला काय माहीत? पडद्यावर काळोख झाला. कुणीतरी मला हातात फिरवत होतं, तळवा काचेवर आला होता. आणि हिरवी पट्टी उडाली.

“...टोचतंय मेलं हाताला. कशाला कोंबून ठेवल्यात कुणास ठाव.”

तानाबाईंनी पिन उपसून काढली होती.

“हां. आता बघा,” तानाबाई म्हणाल्या. “हे आमचं फोटूग्राफर. साऱ्या जिल्ह्याची लग्नं काढत्यात आन् मेव्हण्याच्या ओसरीत घोरत्यात. चिमणा, बघ गं, मी बी शूटिंग करतो!”

“बंद कर बाई, मोडंल ते,” त्यांची भावजय चिमणाबाई लांबून बोलली.

आणि तेवढ्यात माझ्या चाकात टेप अडकली. चित्र दुमडलं. तानाबाईंचा आवाज खाली गेला आणि परत वर आला. खिजरचा हात माझ्या बटणावर आला.

“मामा, टेप चुरगाळाय लागली! आत्ता थांबवली तर कॅसेट वाचंल. चालू ठेवली तर हा खाऊन टाकणार.”

“थांबवली तर परत लागंल?”

“ह्यात न्हाय लागायची.”

“आप्पा, थांबवूया,” श्रुती म्हणाली. तिने बाबासोंचा दंड धरला होता. “पुण्यात कुणीतरी असंल. चांगलं मशीन असंल. कॅसेट तर राहील आपल्याकडं.”

मी गरम झालो होतो. थांबवलं असतं तर मला सुटका होती. बाबासो पडद्याकडे बघत म्हणाले, “ठेवून ठेवूनच ही गत झालीया. चालू दे.”

खिजरने हात मागे घेतला.

मी टेप ओढत राहिलो. ती पुढून आवाज देत होती आणि मागे माझ्या चाकात गोळा होत होती. एकदा माझ्यातून गेलेला भाग पुन्हा कधीच चालणार नव्हता. चित्र जवळजवळ गेलं होतं, नुसत्या रेघा. पण आवाज येत होता.

“उठवू का?” चिमणाबाई.

“नगं. घोरू दे. काल रातभर त्या लग्नात उभं हुतं. म्हंत्यात, मी घोरतच न्हाय. उद्या दावतो ह्यास्नी टीव्हीवर. मग बघू काय म्हंत्यात...”

त्या हसल्या. हसता हसता माझ्या आत काहीतरी तुटलं आणि सगळं थांबलं.

खिजरने आधी कॉम्प्युटर पाहिला, मग माझ्याकडे वळला. उतरलेलं सगळं आत सुखरूप होतं. माझ्या पोटातून मात्र टेप चिमट्यानं काढावी लागली. तिच्या बारीक बारीक घड्या पडल्या होत्या. मी पुन्हा चालू झालो नाही.

“परत लाव,” बाबासो म्हणाले.

आता माझी गरज नव्हती. खिजरने कॉम्प्युटरवरून लावलं. बाबासोंनी डोळे मिटून ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं.

“जरा घोगरा हुता की गं,” ते श्रुतीला म्हणाले. “मी बारीक समजून बसलोतो.”

श्रुतीने सीड्या करून घेतल्या. एक आप्पांना, एक स्वतःला, एक कुरुंदवाडला आकाराममामाकडे. एकाच कपाटात सगळं ठेवायचं नाही, असं तिने बाबासोंना बजावून सांगितलं.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. घरात जुनी कॅसेट असेल तर तिला जपून ठेवली आहे असं समजू नका. बंद कपाटात ती जपली जात नाही, नासते. माझा एखादा भाऊबंद चालू आहे तोवर जाणत्या माणसाकडे न्या आणि उतरवून घ्या. आणि आज तुमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलत असेल, ओरडत असेल, तर कान झाकू नका. चित्र सगळेच काढतात. आवाजही घ्या. गाणं वरून चढवू नका.

मी आता टीव्हीशेजारी असतो, कोरड्या जागी. बाबासो संध्याकाळी सीडी लावतात. तानाबाईंचं हसणं संपतं, पडदा काळा होतो, आणि ते रोज त्या काळ्या पडद्याला सांगतात, “मी घोरत न्हाय.”