खोलायच्या आधी

"इंजिनाचं हेड खोला मिस्त्री. बघत काय बसलाय?" जयराज म्हणाला.

नाथाजीने पाना खाली ठेवला. "न्हाई खोलत."

कडेगावच्या त्या गॅरेजात तो तीस वर्षं मिस्त्री होता. आधी जयराजच्या वडिलांकडे, आता जयराजकडे. समोर तात्याबाचा ट्रॅक्टर काळा धूर ओकत उभा होता. चढाला ओढत नव्हता. तात्याबाने मेंढरं विकून ऊस लावला होता. इंजिनातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं.

"फुल इंजिन खोलून बांधावं लागतंय, तात्याबा," जयराज म्हणाला. "पंधरा दिवस तरी जातील."

"आवं, माझी तोड परवा हाय! पाळी चुकली तर ऊस वाळंल."

"मी तरी काय करू? आठ हजार तास पळालंय. वय झालंय त्येचं. वय झाल्यावर ह्ये व्हायचंच."

"वय?" नाथाजी उसळला. "कान लावलास का त्येला? हात लावलास? वय म्हणलं की झालं, व्हय रं?"

आवाज एवढा चढला की शेजारच्या चहावाल्याने डोकं बाहेर काढलं.

नाथाजीच्या बायकोला, बनुबाईला, गेल्या वर्षी गल्लीचा चढ चढताना धाप लागायची. नाथाजीच म्हणायचा, "वय झालं तुझं. धाप लागायचीच." मिरजेच्या डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, "इतके महिने काय करत होता?" चौथ्या दिवशी तो एकटा परत आला.

नाथाजीने ट्रॅक्टर चालू केला. इंजिन तापू दिलं, मग तेलाचं झाकण काढलं. "तात्याबा, हात धर हितं. पिस्टन-बोअर गेलं असतं तर भकाभका धूर आला असता. येतोय का?"

"न्हाई बा. जरा वाफ हाय."

मग त्याने सिलिंडरात डिझेल फवारणाऱ्या नोझलला जाणारा एकेक पाइप सैल केला. पहिला सैल करताच इंजिन अडखळलं. दुसऱ्यालाही अडखळलं. तिसरा सैल केला, तर काहीच फरक नाही.

"ह्यो सिलिंडर कामच करत न्हाई. झोपलाय," नाथाजी म्हणाला.

जयराज हसला. "मग त्योच बोअर गेलाय की!"

"बोअर गेलाय का नोझल, आता कळंल."

त्याने पहिलं आणि तिसरं नोझल अदलाबदल केलं. आता तिसरा सिलिंडर ओढत होता आणि पहिला झोपला होता. दोष नोझलबरोबर सरकला होता.

"म्हंजी?" तात्याबाने विचारलं.

"म्हंजी एक नोझल बदलायचं आन घरी जायचं."

"मग ह्यो सगळं खोला म्हणत हुता त्ये?"

जयराज नाथाजीकडे वळून म्हणाला, "मिस्त्री, अशानं गॅरेजला कुलूप लागंल. उद्यापासनं येऊ नका."

"तुझा बा आधी कान लावायचा, मग पाना. एवढं नोझल बसवतो आन जातो."

नोझल बसवलं. ट्रॅक्टर साफ धूर सोडत रस्त्याला लागला, तेव्हा नाथाजी हात धुऊन निघाला.

भर दुपारी घरी आला. कॉटवर बनुबाईचं अंथरूण तसंच होतं. ती आधी एका उशीवर झोपायची. मग सपाट झोपलं की धाप लागायची, म्हणून दिवाळीत दोन घ्यायला लागली, शिमग्याला तीन. तिसरी उशी शेजारच्या मंगलकडून नाथाजीनेच मागून आणली होती. ती परत द्यायची राहिली होती.

त्याने उशी काखेत घेतली. दारापर्यंत गेला आणि उंबऱ्यावरच बसला.