घाटमाथ्यावरचा कर्णा

भाद्रपद सरत आला होता. आंबोलीच्या घाटमाथ्यावर ढग पायउतार होऊन रानात शिरले होते. शेवाळमखमली खोडांना बिलगत, नेच्यांच्या हिरव्या पिसाऱ्यांतून ओघळत, ते शुभ्रपदर ढग अंजनीच्या झाडांमधून सावकाश चालले होते. आणि त्यांच्यामागून, तितकीच सावकाश, चालली होती भार्गव आणि नीरजा.

ज्येष्ठात लग्न झाले, आणि तेव्हापासून भरल्या घरात त्यांना एकान्त असा लाभलाच नव्हता. आज प्रथमच ती दोघे दोघेच होती. आणि दोघांनाही बोलायला काही सुचत नव्हते.

भार्गव कर्णा पक्षी शोधत होता. लहानपणापासून शोधत होता. काजळमाथ्याचा, शुभ्रकंठी, पोटाशी रक्तिमा लपवून गर्द सावलीत पाठमोरा, निश्चल बसणारा तो पक्षी त्याने चित्रांतच पाहिला होता.

"दिसेल का हो?" नीरजाने विचारले.

"आज दिसेल. तुझ्या पायगुणाने."

तो सहजच बोलला. पण ते शब्द तिच्या मनात कुसळासारखे रुतले. नाही दिसला तर?

ढगांमागून ढग आले, ढगांमागून ढग गेले. पानाआड पान, सावलीआड सावली. पाखरू कुठेच नाही. भार्गवचे खांदे हळूहळू उतरले.

"चल, परतू या," तो म्हणाला.

तेवढ्यात नीरजाच्या घोट्याला जळू डसली. ती खाली वाकली, जळू ओढून फेकली, आणि वाकल्यावाकल्याच तिची नजर फांद्यांखालून वर गेली.

त्या धूसर, जलभारल्या हिरवाईच्या गाभ्यात एक लाल ज्योत बसली होती. ज्योतीला काळाभोर डोळा होता.

तिने त्याचे मनगट घट्ट धरले. "हलू नकोस," ती कुजबुजली. "खाली बस, माझ्याजवळ. आता बघ."

तो चिखलात गुडघे टेकून बसला. बघत राहिला, बघतच राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी दाटले आणि ओठांवर, एखाद्या पोराचे असावे तसे, हसू फुटले. कर्ण्याने संथ मान वळवली, पंख उघडले, आणि शुभ्र धुक्यावर एक आरक्त रेघ ओढून तो दिसेनासा झाला.

मग तिच्या ध्यानात आले. "अगबाई, मी तुम्हांला अरेतुरे केलं," ती ओशाळून म्हणाली.

"आता तेच राहू दे," तो म्हणाला. मनगट त्याने सोडवून घेतले नाही.

ढग विरळले. कोवळे ऊन रानात झिरपले. पानापानावर थेंब उजळले, कोळ्यांची जाळी मोत्यांनी लवली. वाट एकट्यापुरती अरुंद होती, तरी ती दोघे खांद्याला खांदा लावून निघाली; आणि दोन्ही अंगांचे ओलेचिंब नेचे त्यांना भिजवीत राहिले, भिजवीत राहिले.