सावकाश गेलेला टेम्पो

मोडनिंबजवळ हायवेच्या वळणावर, सावलीला झाड नाही अशा जागी, वेग मोजणारी पोलिसांची गाडी उभी असायची आणि तिच्यात हवालदार बंदेनवाज घामानं निथळत बसलेला असायचा. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या शिव्या त्याला पाठ झाल्या होत्या. चोर मोकाट आणि हे बसलेत फोटो काढत, ही त्यातली सभ्य शिवी. सुरुवातीला तो चिडायचा. याच वळणावर त्यानं माणसं गोळा केली होती, अक्षरशः गोळा, चादरीत. मशीन आल्यापासून ते काम थांबलं होतं. पण हे कुणाकुणाला सांगत बसायचं?

त्या सकाळी मेंढरांनी भरलेला एक टेम्पो अगदी सावकाश गेला. वर हिरवी ताडपत्री, मागच्या फळीवरून डोकावणारी तोंडं. बंदेनवाजच्या वडिलांची हयात बकऱ्यांची वाहतूक करण्यात गेली होती. वळणावर गाडी दामटली की जनावरं एकमेकांवर पडतात आणि खालचं गुदमरतं, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

"ह्याला म्हणतात ड्रायव्हर," तो शेजारच्या मंजुनाथला म्हणाला. हा मंजुनाथ सरकारी गाडीचा चालक. बंदेनवाजनं कौतुकानं टेम्पोवाल्याला हात केला. टेम्पोवाल्यानंही केला.

थोड्या वेळानं एक मोटरसायकल कचकन येऊन थांबली. पुढं बिरुदेव, मागं त्याची आई केराबाई. सांगोल्याकडचे मेंढपाळ. खतासाठी एका शेतात मेंढरं बसवली होती, ती पहाटे कुणीतरी भरून नेली होती.

"सायेब, हिरव्या ताडपत्रीचा टेम्पो गेला का हितनं? समदी नेली वो! एक शेपूट ठिवलं न्हाय. आता आमी खायचं काय?" केराबाई म्हणाली.

बंदेनवाजनं टेम्पो गेला त्या दिशेला पाहिलं. "गेला," तो म्हणाला. मी हात केला त्याला, हे मात्र त्यानं सांगितलं नाही.

"मंग चला की! तुमची गाडी लई पळत असंल."

त्यानं साहेबांना फोन लावला. साहेब कावलेच. "ठाण्याची गाडी बंदोबस्ताला गेलीय. आली की पाठवतो. नंबर काय टेम्पोचा?"

"सर, जोरात असता तर मशीननं घेतला असता. हा हळू गेला."

"मग तू जागा सोडायची नाहीस. मागं जखमीला दवाखान्यात पोचवायला गेलास, नोटीस मिळाली ना? आता हललास तर कायमचा घरी बस."

त्यानं टोलनाक्याला फोन केला. हिरव्या ताडपत्रीचे ढिगानं जातात, असं तिथला माणूस म्हणाला. मंजुनाथ चावीवर हात ठेवून त्याच्याकडे बघत होता. बंदेनवाजनं मान हलवली. स्वतःची इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

"ऑर्डर न्हाय, मावशी. गाडी हलवता येत न्हाय."

"मंग ही मशीन कशाला हाय?"

"जोरात जाणाऱ्याला धरायला."

"म्हंजी हळू गेला की चोर न्हाय व्हय?"

बिरुदेवनं पुढचं ऐकलंच नाही. "आये, तू हितंच उतर. दोगं बसलो तर गाडी पळत न्हाय," म्हणाला आणि आईला खाली उतरवून त्यानं मोटरसायकल पिळली. केराबाई सरकारी गाडीच्या सावलीत उकिडवी बसली आणि पदरानं तोंड पुसू लागली.

क्षणभरात गाडीत मशीन टिंग वाजलं.

केराबाई ताडकन उठली. "घावला? मशीनला घावला व्हय चोर?"

पडद्यावर पाठमोरा बिरुदेव होता. टाकीवर पार आडवा झालेला, नंबर स्वच्छ, खाली लाल आकड्यात वेग. फोटो आपोआप मुख्यालयात गेलाही होता. तो परत घेणं बंदेनवाजच्या हातात नव्हतं.

म्हातारी खिडकीशी आली. तिचा चेहरा फुलला होता.

"द्येव पावला. दावा की सायेब, कोन हाय त्यो?"

बंदेनवाजनं पडद्यावर पंजा ठेवला आणि तसाच बसून राहिला. म्हातारी काचेला डोकं टेकवून वाट बघत होती, आणि त्याला गाडीतून उतरूनही कुठं जाता येत नव्हतं.