हाइकेकडे रिकामा गेलेला डबा

मी एक जुना स्टीलचा डबा आहे. झाकण थोडं वाकडं आहे, स्वभाव मात्र सरळ. माझ्या कडेला ठिपक्याठिपक्यांनी 'सौ. स्नेहलता' असं नाव घातलेलं आहे. "नाव घातलं की भांडं हरवत नाही," असं त्या म्हणायच्या. लेक मैथिली जर्मनीला निघाली, तेव्हा त्यांनी मला चिवड्याने गच्च भरून तिच्या बॅगेत बसवलं.

तिथल्या उंटरश्लाइसहाइम गावातल्या एका कंपनीत मैथिली सॉफ्टवेअर लिहिते. शेजारच्या टेबलावरच्या हाइके या जर्मन मैत्रिणीकडे मी पहिल्यांदा गेलो आणि लख्ख धुऊन रिकामा परत आलो. "आमच्याकडे डबा रिकामा पाठवत नाहीत," मैथिली हसून म्हणाली. तेव्हापासून मी चिवडा घेऊन जायचो आणि सफरचंदाचा केक घेऊन यायचो. मित्रांनो, काय थाट होता माझा.

मग कंपनीत माणसं कमी करण्याची कुजबुज सुरू झाली. हाइकेने बेट्रीब्सराट उभारायचं ठरवलं. कुणाला काढायचं तर मालकाने आधी ज्याला विचारायचं, असं हे कर्मचाऱ्यांनी निवडलेलं मंडळ. निवडणुकीची सभा बोलवायला तिघांची नावं लागतात. तिसरं नाव तिने मैथिलीकडे मागितलं.

"अगं, आपला व्हिसा तुझ्या नोकरीवर आहे," मैथिलीचा नवरा पुष्कर म्हणाला. "ती गेली आणि दुसरी मिळाली नाही, तर आपल्या अन्वीची शाळा सोडून परत जायचं का?" त्याचंही चुकत नव्हतं.

मैथिली हाइकेला टाळू लागली. साहेबांच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून मलाही नेईना. पोटात केकचा चुरा घेऊन मी कुकरमागे पडून राहिलो. फार वाईट वाटलं.

आणि एक दिवस त्यांच्या टीममधल्या विष्णूला काढलं. त्याच्यासाठी वकील शोधत हाइके एकटीच फिरली. "ऑफिसातल्या आपल्या भारतीयांपैकी कुणी पुढे झालं नाही, मीसुद्धा," मैथिली रात्री म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैथिलीने मला घासून पुसलं.

"चिवडा नाही भरत?" पुष्करने विचारलं.

"नाही."

त्याला कळलं. मग माझं वाकडं झाकण त्यानेच दाबून लावलं.

हाइकेने मला उघडलं. "आल्झो, म्हणजे आज रिकामा?"

"आज माझं नाव आणलंय," मैथिली म्हणाली. "तिसरं." हाइकेने तिचा हात धरला.

निवडणूक अजून व्हायची आहे. घरात धाकधूक आहे, पण मी पुन्हा ये-जा करतो. मित्रांनो, कुणाचा डबा रिकामा पाठवू नका. आणि कधी द्यायला काहीच नसेल, तर आपलं नाव द्या. नाव घातलं की भांडं हरवत नाही.